सावली पोटाकडे

आमच्या खोलीत कन्याकुमारी वर होती आणि हिमालय खाली. भिंतीवरचा देशाचा नकाशा, टेबलावरचे तालुक्यांचे नकाशे, दाराशी टांगलेला अख्ख्या म्हैसूर राज्याचा नकाशा, सगळे उलटे. नवा माणूस आत आला की आधी मान वाकडी करून नकाशा बघायचा आणि मग आमच्याकडे असं बघायचा, की आम्हाला घरी कुणी विचारत नसावं. कचेरीत त्या खोलीला 'उलटी खोली' म्हणत आणि खोलीच्या मालकाला अण्णा. नाव होतं की त्यांना, चांगलं लांबलचक होतं, पण ते हजेरीपटापुरतं. मीसुद्धा अण्णाच म्हणायची आणि ते मला अक्का म्हणायचे. मी तेवीस वर्षांची, ते बावन्न-त्रेपन्नचे. पण बेंगळुरूत, बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरांत लहान पोरीलाही अक्का म्हणतात, त्याला काय करणार?

मी त्या खोलीत कशी पडले ते सांगते. बेळगाव म्हैसूर राज्यात आलं आणि माझ्या वडिलांची बदली बेंगळुरूला झाली. इथंच मी भूशास्त्राची एम.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात, आणि सरकारी भूशास्त्र कचेरीत लागले. तिथं मी पहिलीच बाई. साहेबांची पंचाईत झाली. पोरीला तंबूत मुक्कामाला धाडायचं कसं? त्यांनी मला नियमाप्रमाणे हातोडी दिली आणि ती वापरायची कुठं ते काही सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही फोटोंच्या खोलीत बसा." मला असा राग आला होता म्हणता! दगड फोडायला शिकले आणि फोटो बघत बसायचं. पहिले दोन महिने तो राग मी अण्णांवर काढला. त्यांना तो कळलाच नाही.

फोटो म्हणजे विमानातून काढलेले, काळेपांढरे. जमिनीचे. तेव्हा उपग्रहबिग्रह काही नव्हतं, विमान हाच काय तो आकाशातला डोळा. आणि नकाशे उलटे टांगायचं कारणही हे फोटोच. विमानं फोटो काढतात थंडीच्या कोरड्या दिवसांत. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून सावल्या उत्तरेला पडतात. फोटो नेहमीसारखा उत्तर वर करून ठेवला की सावल्या आपल्यापासून लांब जातात आणि डोळा फसतो. टेकडी खड्डा दिसते, ओढा बांध दिसतो. तोच फोटो फिरवून सावली आपल्या पोटाकडे आणली की जमीन ताळ्यावर येते. फोटो उलटा ठेवायचा तर नकाशाही उलटा हवा, एवढं साधं होतं ते. पण अण्णांनी साधी गोष्ट कधी साधेपणानं सांगितली नाही. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर टेकायच्या आत ते म्हणाले, "सावली पोटाकडे, अक्का," आणि पुन्हा कामाला लागले. मला वाटलं, मी उन्हात बसलेय म्हणून सांगतायत. मी खुर्ची सरकवली.

आता त्यांच्या सवयी. एक म्हणजे कॉफी. गांधीबाजारातून घरी पूड दळून आणायचे आणि बायकोनं करून दिलेली कॉफी थर्मासमधून आणायचे. ओतताना मात्र थर्मासचं तोंड आधी पेल्याच्या काठाला टेकवायचे, टक् असा आवाज यायचा, मग ओतायचे. रोज, दोन वेळा, टक्. मला वाटायचं, काहीतरी सोवळंओवळं असेल. दुसरं म्हणजे बघणं. मान पूर्ण वळवून, कोंबडी दाणा बघते तसं बघायचे. तिसरं म्हणजे बसवनगुडीतला तो मोठा कातळ. आपल्या देशातल्या अगदी जुन्या दगडांपैकी एक. संध्याकाळी घरी जाताना अण्णा सायकल भिंतीला लावून त्या कातळाशी जायचे, त्यावर हात ठेवायचे आणि "बरंय अज्जी" म्हणून घरी जायचे. अज्जी म्हणजे कन्नडमध्ये आजी. सख्ख्या आजीलाही इतक्या नेमानं कुणी भेटत नसेल.

आणि चौथी सवय म्हणजे विचारणं. मी स्टिरिओस्कोपला डोळे लावले की ते शेजारून विचारायचे, "अक्का, काय दिसतं?"

स्टिरिओस्कोप म्हणजे चार पायांवर उभी असलेली दोन भिंगं. विमान पुढं सरकताना एकाच जागेचे दोन फोटो घेतं, जरा जरा अंतरानं. डावा डाव्या डोळ्याखाली ठेवायचा, उजवा उजव्याखाली, आणि वरून बघायचं. क्षणभर सगळं धूसर, आणि मग जमीन उठून उभी राहते. टेकड्या वर येतात, नाले खाली जातात, झाडं टाचणीसारखी उभी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा राग तिथल्या तिथं गेला. तर ते विचारायचे, काय दिसतं. मी सांगायची, "मधे टेकाड, डावीकडे ओढा, ओढ्याला दोन वळणं." ते फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "सरी, बरोबर. टेकाडाला गवत आहे, झाडं नाहीत. म्हणजे खाली दगड कुठला?" मी चुकायची. ते म्हणायचे, "दिसतं ते तू सांग. आहे ते मी सांगतो."

मला ते घमेंडीचं वाटायचं. पण काय सांगू, ते सांगायचे ते खरंच असायचं.

हे सगळं आलं कुठून? अण्णा सतराव्या वर्षी कचेरीत ट्रेसिंग करायला चिकटले. ट्रेसिंग म्हणजे दुसऱ्यानं काढलेला नकाशा पातळ कागदावर गिरवायचा. गिरवता गिरवता नकाशे काढायला लागले, ड्राफ्ट्समन झाले. तिशी उलटल्यावर बी.एस्सी.च्या वर्गात पोरांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरं त्यांना मास्तर समजून उठून उभी राहायची. मग एम.एस्सी. आणि आता पीएच.डी. प्रबंध लिहून झाला होता, तीनशे पानं. पण कचेरीच्या लेखी अजून ड्राफ्ट्समनच. साहेबांनी सांगितलं होतं, प्रबंध पास झाला तर भूशास्त्रज्ञ म्हणून शिफारस करतो. पंचावन्नाला निवृत्ती. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. ते याबद्दल कधी बोलायचे नाहीत. फक्त प्रबंधाच्या कव्हरावर स्वतःच्या नावाखाली बोटभर जागा मोकळी ठेवली होती. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, "हुद्दा येईल तिथं." आणि लाजले.

प्रबंधात म्हणणं एवढंच होतं. कोलारकडच्या कोरड्या मुलखात जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेल्यात. आम्ही त्याला डाईक म्हणतो. फोटोत त्या सरळ रेघेसारख्या दिसतात. या भिंती जमिनीखालचं पाणी अडवतात, तळ्याचा बांध अडवतो तसं. म्हणून पाणी शोधायचं ते भिंतीच्या वरच्या अंगाला. परीक्षक बाहेरगावच्या विद्यापीठातले, जुन्या वळणाचे. त्यांनी लिहून कळवलं की खुर्चीत बसून फोटो बघून पाणी सापडत असेल तर मला ते डोळ्यांनी बघायचं आहे. साहेबांनी मग हुणसेहळ्ळी नावाचं गाव निवडलं. तिथल्या तीन विहिरी कोरड्या. बायका दोन मैलांवरून पाणी आणायच्या. ठरलं असं की अण्णांनी फोटोवरून एक खूण करून द्यायची, तिथं कचेरीचं यंत्र भोक पाडेल, परीक्षक समोर उभे राहतील. पाणी लागलं तर प्रबंध पास.

आणि नेमके अण्णा आईच्या श्राद्धाला चार दिवस रजेवर गेले. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा निरोप आला, यंत्र आजच मोकळं झालंय, खुणेचा नकाशा लगेच द्या. अण्णांनी खूण केली नव्हती. मला काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हटलं, शिकलोय की सहा महिने, करून दाखवू. एरवी फोटो अण्णाच मांडून द्यायचे, त्या दिवशी मी ते कपाटातून काढले आणि स्टिरिओस्कोपखाली मांडले. सावल्या पलीकडे जात होत्या. सावली पोटाकडे! दोन्ही फोटो जागच्या जागी फिरवले, डोळे लावले, आणि काय सांगू, गावाच्या वर एक सरळसोट खोल चर दिसला. एवढा चर म्हणजे जमिनीतली भेग, भेग म्हणजे पाणी. मी चराच्या मधोमध खूण केली, नकाशा गिरवला आणि दिला पाठवून. इतकी खूष होते की घरी शिरा केला.

अण्णा आले सोमवारी. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते टेबलाशी गेले. फोटो तसेच मांडलेले होते. त्यांनी स्टिरिओस्कोप उचलून बाजूला ठेवला आणि नुसते फोटो बघितले, मान वळवून.

"अक्का, काय दिसतं?"

"चर."

"त्याची सावली कुठं पडलीय?"

मी बघितलं. चराला लागून, बाहेरच्या बाजूला, बारीक काळी रेघ होती.

"चराची सावली चराच्या आत पडते," ते म्हणाले. "ही बाहेर पडलीय. ही भिंत आहे."

मग त्यांनी फोटोंच्या कोपऱ्यातले अनुक्रमाचे आकडे दाखवले. दोन फोटो जागच्या जागी फिरवले की डावा डावीकडेच राहतो. पण उलटा केल्यावर तो उजवीकडे जायला हवा. दोघांनी जागाही बदलायला हवी. मी डाव्या डोळ्याला उजव्याचं दाखवलं आणि उजव्याला डाव्याचं, म्हणून भिंत आत गेली आणि चर झाली. ही चूक अख्ख्या कचेरीत फक्त आमच्या खोलीत होऊ शकत होती. बाकी कुणी फोटो फिरवतच नव्हतं! मी पाणी शोधायची खूण अस्सल काळ्या दगडाच्या डोक्यावर करून ठेवली होती.

"तुम्ही एकदा यातून बघा की," मी रडकुंडीला येऊन म्हटलं आणि स्टिरिओस्कोप पुढं केला.

"स्वल्प तडी," ते म्हणाले. म्हणजे जरा थांब. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. "बघून उपयोग नाही, अक्का. मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. लहानपणी तापात गेला. बायकोला माहीत आहे. आता तुला."

मला एकेक आठवायला लागलं. पेल्याच्या काठाला टेकवलेला थर्मास. वळवलेली मान. काय दिसतं, काय दिसतं. दोन डोळे असतील तरच जमीन उठून दिसते, हे भूशास्त्राच्या पोरालाही माहीत. आणि हा माणूस वीस वर्षं त्या खोलीत बसून सपाट फोटोतून टेकड्या वाचत होता, सावलीवरून, गवतावरून, ओढ्याच्या वळणावरून. कचेरीत कळलं असतं तर त्यांना दुसऱ्या दिवशी त्या खोलीतून उठवलं असतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर भोक पाडायला सुरुवात व्हायची होती. सकाळीच आम्ही बेंगळुरूच्या शिवाजीनगरहून बस धरली. महादेवपुऱ्याला तेव्हा नाचणीची शेतं होती, आता तिथं काय काय आहे ते मी बघायला जात नाही. वाटेत मी म्हटलं, "चूक माझी आहे, मी सांगते." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते दगड बघ किती गोल झालेत."

हुणसेहळ्ळीला यंत्र उभं होतं, काळ्या दगडांच्या पुरुषभर उंच टेकाडावर. साहेब, परीक्षक, गावचे चार लोक आणि बऱ्याच बायका घागरी घेऊन. आमचा ड्रिलर शिवाजीनगरचा, दख्खनी बोलणारा. आम्हाला बघून त्याला हायसं वाटलं.

"क्या साब," तो म्हणाला, "पत्थर के सर पे पानी ढूंडरे क्या?"

अण्णांनी साहेबांना सांगितलं की खूण चुकली आहे, यंत्र हलवायला हवं. परीक्षक हसले. म्हणाले, "यंत्र उभं राहिल्यावर खूण बदलणारं शास्त्र मी पहिल्यांदाच बघतोय. चूक कुणाची?"

मी पुढं झाले. अण्णा म्हणाले, "स्वल्प तडी, अक्का." आणि परीक्षकांना म्हणाले, "खोली माझी आहे. खोलीत झालेली चूक माझी."

परीक्षकांनी पिशवीतून स्वतःचा छोटा स्टिरिओस्कोप काढला, जीपच्या बॉनेटवर फोटो मांडले. "मग बघा आणि सांगा. ही भिंत डावीकडे जास्त उठलेली दिसते की उजवीकडे?"

मला उत्तर माहीत होतं. खोकून, खुणेनं, कसंही सांगायची माझी तयारी होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"यातून मला काही उठून दिसत नाही," ते म्हणाले. "मला एकच डोळा आहे."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. परीक्षक म्हणाले, "आणि हे तीनशे पानांचं सगळं कुणी बघितलं?"

"बघितलं शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी. आता ही बसते. दिसतं ते ही सांगते, आहे ते मी सांगतो. डावीकडे सावली रुंद आहे, म्हणजे भिंत डावीकडे उंच." एवढं बोलून ते टेकाड उतरले आणि वरच्या अंगाला चालू लागले, पावलं मोजत. एका बाभळीच्या अलीकडे थांबले. वाकून एक दगड उचलला आणि ठेवला. "इथं."

परीक्षक मागोमाग गेले. "तिन्ही विहिरी खालच्या सखल भागात आहेत. तिथं पाणी नाही, आणि इथं चढावर असेल?"

"तिन्ही विहिरी बांधाच्या खाली आहेत," अण्णा म्हणाले. मग गावकऱ्यांकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले, "तुमचं तळं बांधाच्या कुठल्या बाजूला भरतं?" एक म्हातारी हसली. तिनं हातानं वर दाखवलं.

"आणि नाही लागलं तर?" साहेबांनी विचारलं. आवाज मऊ होता त्यांचा.

"तर नकाशे काढीन. हात चांगला आहे माझा."

यंत्र हललं. चार दिवस ते ठोकत होतं. मी गावातल्या मास्तरांच्या घरी राहिले, वडिलांना तार केली आणि साहेबांना न विचारता हातोडी घेऊन रोज ती भिंत पालथी घातली. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा दगड फोडत होते. अण्णा बाभळीखाली बसून टक् करून कॉफी ओतायचे आणि ड्रिलरला विचारायचे, चुरा कुठल्या रंगाचा येतोय. पहिले तीन दिवस कोरडा चुरा. तिसऱ्या दिवशी साहेब माझ्याशीही बोलेनासे झाले. चौथ्या दिवशी दुपारी चुरा चिखल होऊन आला. अण्णा उठून उभे राहिले. ड्रिलरनं हत्यार वर ओढलं, दोर सोडून बघितला, आणि दोर निम्म्याहून जास्त भिजून वर आला. तो एवढंच म्हणाला, "साब, भोत है."

पहिली बादली त्या म्हातारीनं चाखली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं चूळ भरली, गिळली, आणि म्हणाली, "सिही." गोड आहे. मग जो गलका झाला तो झाला. घागरींचा आवाज, बायकांचं हसणं, साहेब प्रत्येकाचा हात हातात घेतायत. म्हातारीनं उरलेली बादली अण्णांच्या पायांवर ओतली, बूट-मोज्यांसकट. मी रडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

या सगळ्यात परीक्षक एकटे जीपशी उभे होते. मी बघितलं. त्यांनी एक फोटो हातात घेतला होता आणि उजवा डोळा तळहातानं झाकला होता. बराच वेळ ते तसे बघत राहिले. मग त्यांनी फोटो हळूच फिरवला, सावली पोटाकडे आणली, आणि मान हलवली.

प्रबंध पास झाला. त्यांच्या डोळ्याचं काय करायचं, यावर कचेरीत एक फाईल निघाली. साहेबांनी तिच्यावर लिहिलं, 'नजर उत्तम,' आणि ती बंद केली. अण्णा भूशास्त्रज्ञ झाले. पुढच्या महिन्यात मला तंबूही मिळाला. अण्णा त्या दिवशी मला बसवनगुडीला घेऊन गेले, कातळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अज्जी, ही अक्का."

छापील प्रबंधाची एक प्रत त्यांनी मला दिली. नावाखालच्या बोटभर जागेत हुद्दा होता, त्यांनी स्वतःच्या चांगल्या हातानं शाईनं लिहिलेला. आतले सगळे नकाशे दक्षिण वर. मी आभाराचं पान उघडलं. गुरूंचे आभार, साहेबांचे, बायकोचे, ड्रिलरचे. माझं नाव कुठंच नाही. मी जरा फुगलेच. मग शेवटची ओळ वाचली. इंग्रजीत होती, पण मला ती त्यांच्याच आवाजात ऐकू येते: 'माझा उजवा डोळा शेजारच्या खुर्चीवर बसतो. तो एकच चूक दोनदा करत नाही.'

केली नाही मी ती पुन्हा. बाकीच्या केल्या.